'काय होत नाही ओ' हेच आपलं सुरक्षा धोरण आहे का?

परवा सकाळी शहराबाहेरच्या एका पंपावर पेट्रोल टाकायला थांबलो. पंपाचं नाव लिहीत नाही. हा एका पंपाचा प्रश्न नाही, आणि नाव लिहिलं की सगळे त्या एकाच मालकाच्या मागे लागतात, बाकीचे सुटतात.

पंपावर टँकर उभा होता. पाइप जमिनीखालच्या टाकीला जोडलेला, म्हणजे माल उतरवणं चालू होतं. टँकरपासून जेमतेम सात-आठ फुटांवर एक छोटा हत्ती इंजिन चालू ठेवून उभा. चालक खाली उतरून कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

मी म्हटलं, "मामा, गाडी तेवढी बंद करा की. टँकर खाली होतोय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, टँकरकडे बघितलं आणि म्हणाला, "काय होत नाही ओ. डिझेल गाडी आहे."

पंपावरचा पोरगा हसला. मला म्हणाला, "साहेब, तुमचा मोबाइल तेवढा खिशात ठेवा. इथं चालत नाही."

मोबाइल ठेवला. पेट्रोल टाकलं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याच पोरानं मशिनवर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला आणि म्हणाला, "स्कॅन करा की." क्यूआर कोडच्या बरोबर वर, मोबाइलवर लाल फुली मारलेलं स्टिकर होतं.

हे वाचून हसू येतंय ना? मलाही आलं. घरी आल्यावर मात्र आलं नाही.

मोबाइलचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. पंपावर मोबाइलमुळे आग लागल्याची ठाम सिद्ध झालेली घटना शोधूनही सापडत नाही. अमेरिकेत पंपाची यंत्रसामग्री बनवणाऱ्यांच्या संघटनेनं अशा आगींची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. त्यात मोबाइलची आग नाही. अंगावरच्या स्थिर विजेच्या ठिणगीनं लागलेल्या आगी मात्र बऱ्याच आहेत. मोबाइल खिशात ठेवायला माझी ना नाही. पण आपण मोबाइलवर फुली मारली आणि इंजिनाला मोकळं सोडलं. चोराला सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

इंजिन म्हणजे काय असतं, एकदा नीट बघू या. स्टार्टर फिरतो तेव्हा आत ठिणग्या पडतात. बॅटरीची क्लिप ढिली असेल तर तिथं ठिणगी. अल्टरनेटर, जुनी वायरिंग, हॉर्नचा रिले, सगळीकडे तेच. सायलेन्सर तापलेला. त्यातून कधी जळक्या काजळीचा कण निखाऱ्यासारखा बाहेर पडतो. एका गाडीत आग लावू शकणाऱ्या डझनभर जागा असतात, आणि ती गाडी आपण नेमकी पेट्रोलची वाफ असते तिथं नेऊन उभी करतो.

पेट्रोल पेटत नाही, पेट्रोलची वाफ पेटते. ही वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी सुटते. सोलापूरचा मे महिना कसा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. हवेत दीड टक्का वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते. कपभर, म्हणजे १०० मिलीलिटर पेट्रोल सांडून उडालं, तर साधारण सव्वा घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. मोठ्या कपाटाएवढी. पुन्हा ही वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरकते, गटारात, खड्ड्यात, गाडीखाली जाऊन बसते. म्हणजे जिथं तुमचा सायलेन्सर आहे तिथंच.

आणि टँकर खाली होत असताना काय होतं? टाकीत पाच हजार लिटर पेट्रोल उतरलं की आधी आत असलेली पाच हजार लिटर वाफमिश्रित हवा बाहेर पडणारच. ती परत टँकरमध्ये ओढून घ्यायची सोय असेल तर ठीक, नसेल तर ती वेंट पाइपमधून तुमच्या-आमच्या हवेत. वारा असला तर विरून जाते. वारा पडलेला असेल तर?

"डिझेल गाडी आहे, काय होत नाही." या वाक्याचं उत्तर अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत मिळतं. २३ मार्च २००५. तिथल्या रिफायनरीत एका टॉवरमध्ये प्रमाणाबाहेर माल भरला गेला आणि पेट्रोलसारखा द्रव कारंज्यासारखा बाहेर उडाला. त्याची वाफ जमिनीवर पसरली. जवळच एक डिझेल पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे खरं. पण ते इंजिन हवा ओढतं, आणि त्या दिवशी हवेतच इंधन होतं. इंजिन आपोआप बेफाम पळायला लागलं. चावी बंद करून भागेना, कारण चावी फक्त टाकीतलं डिझेल थांबवते. चालक जीव घेऊन पळाला. १५ माणसं मेली, १८० जखमी झाली. चौकशी करणाऱ्यांनी आगीचा सर्वांत संभाव्य स्रोत म्हणून तीच पिकअप सांगितली.

डिझेल गाडी होती. झालं.

अमेरिका लांब वाटत असेल तर जयपूरला या. २९ ऑक्टोबर २००९, सीतापुरा इथला तेल डेपो. संध्याकाळी व्हॉल्व्हजवळ पेट्रोल गळायला लागलं. तास-सव्वा तास गळत राहिलं. वारा पडलेला होता, वाफेचा ढग सगळ्या डेपोवर पसरला. साडेसातच्या सुमारास स्फोट. ११ मृत्यू, त्यात डेपोबाहेरचे लोकही होते. आग अकरा दिवस जळत होती. चौकशीसाठी एम. बी. लाल समिती नेमली. ठिणगी कुठून आली याच्या दोन शक्यता समितीनं मांडल्या. एक, कार्यालयाच्या इमारतीतली साधी, ज्वालारोधक नसलेली विजेची उपकरणं. दुसरी, आवारात कुणीतरी सुरू केलेली गाडी.

दुसरी शक्यता परत वाचा. कुणीतरी गाडी सुरू केली. बहुतेक पळून जाण्यासाठीच केली असेल.

आता सोलापूरला येऊ. पुणे रस्त्यावर, शहरापासून जवळ पाकणी आहे. मुंबईहून पुणेमार्गे येणारी तेलाची पाइपलाइन पाकणीपर्यंत येते. तिथल्या डेपोंतून टँकर भरून निघतात आणि जिल्हाभर, जिल्ह्याबाहेर जातात. डेपोच्या आत नियम कडक असतात. धोक्याच्या क्षेत्राचे भाग पाडलेले असतात, कुठे वाफ कायम असते, कुठे अधूनमधून, कुठे फक्त बिघाड झाला तर. त्यानुसार दिवे, स्विच, मोटारी ज्वालारोधक बसवतात. एकेक दिवा लोखंडी चिलखतात. हे सगळं बरोबर आहे.

पण माझा प्रश्न साधा आहे. त्या चिलखतातल्या दिव्याखाली जो ट्रक येऊन उभा राहतो, त्याच्या स्टार्टरला कुठलं चिलखत आहे? बॅटरीला आहे का? दिवा जागचा हलत नाही, म्हणून त्याची तपासणी होते. गाडी येते आणि जाते, म्हणून तिची तपासणी गेटवरच्या एका टिकमार्कवर भागते.

त्यासाठी स्पार्क अरेस्टर असतो, असं कुणी म्हणेल. असतो. धूर बाहेर पडतो त्या तोंडावर बसवायची जाळी, जळते कण अडवते. पेट्रोलियम नियमांत आहे, मोटार वाहन नियमांतही धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना सक्तीची आहे. पण स्पार्क अरेस्टर फक्त धुरातली ठिणगी अडवतो. स्टार्टरची नाही, बॅटरीची नाही, तापलेल्या पत्र्याची नाही, आणि टेक्सास सिटीसारखं बेफाम झालेलं इंजिन तर तो थांबवूच शकत नाही. शिवाय गेटवर आत शिरताना लावायचा आणि बाहेर पडल्यावर काढून पुढच्या गाडीला द्यायचा, हा प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी डोळ्यांनी पाहिलाय. परीक्षेला जाताना शेजाऱ्याचं ओळखपत्र गळ्यात अडकवावं तसं.

आणखी एक गोष्ट, जी अजून आपल्या चर्चेतच आलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. हवेसाठी चांगलं झालं. पण या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो भरला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करते. त्या वेळी तिथलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेटायला अडीचशे ते तीनशे अंशांच्या दरम्यानचं तापमान पुरतं. तापलेला पत्रा उघड्या हवेत दरवेळी वाफ पेटवेलच असं नाही, त्याला जास्त उष्णता आणि वेळ लागतो, हेही खरं. पण मग निदान टँकर चालकाला तरी सांगा, की डॅशबोर्डवर तो दिवा लागलेला असताना डेपोत किंवा पंपावर शिरू नकोस, आधी बाहेर थांब. मी अलीकडे चार टँकर चालकांना विचारलं. चौघांपैकी एकालाही त्या दिव्याचा आणि मालाचा संबंध माहीत नव्हता. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

डेपोच्या गेटाबाहेर तर सगळंच मोकळं. भरलेला टँकर ढाब्यावर थांबतो, शेजारी भट्टी. कधी कधी थांबण्यामागे वेगळंच कारण असतं, हे हायवेवरच्या लोकांना माहीत असतं. मनमाडजवळ पानेवाडीत २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भर दिवसा जिवंत जाळलं. महाराष्ट्र हादरला. पण तेल डेपोंच्या आसपास चोरीचा धंदा चालतो म्हणजे नक्की काय चालतं, तर कॅनमध्ये उघडं पेट्रोल काढणं चालतं, चालू गाड्यांच्या मधोमध. त्याकडे आपण गुन्हा म्हणून पाहतो. तो उघडा बॉम्बही असतो, हे कुणी मोजत नाही.

आता साखरेकडे या. आपल्या जिल्ह्यात तीसपेक्षा जास्त साखर कारखाने. त्यातले अनेक इथेनॉल बनवतात. इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी होते, म्हणजे आपल्या थंडीतसुद्धा. आणि त्याची ज्वाळा भर उन्हात नीट दिसतही नाही. गाळप हंगामात कारखान्याच्या आवारात रात्रंदिवस ट्रॅक्टर, डबल ट्रॉल्या, ट्रक. सायलेन्सर वर काढलेला, ठिणग्या उडवत जाणारा ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी रात्री पाहिलाय. उसाच्या गाडीची वाट आणि इथेनॉलच्या टँकरची वाट किती अंतरावर आहेत, वारा कुठून कुठे वाहतो, हे कागदावर कुठे तरी असेलही. त्या ट्रॅक्टरवाल्याला माहीत आहे का?

घरगुती गॅसचं तर बोलायलाच नको. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधला सगळा गॅस हवेत मिसळला तर साडेतीनशे घनमीटरच्या आसपास हवा पेटण्याजोगी होते. दहा बाय दहाच्या डझनभर खोल्या. हाच सिलिंडर उलटा टांगून, मोटर लावून, गल्लीबोळात व्हॅनमध्ये आणि रिक्षात गॅस भरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात असाच गॅस भरताना व्हॅनचा स्फोट झाला. एका कुटुंबातली माणसं त्यात भाजली, काही पुढे वाचली नाहीत. त्यात गाडी हीच टाकी आणि गाडी हीच काडी. आपल्याकडे कारवाईच्या बातम्या येतात. मी स्वतः छापल्यात. "इतके सिलिंडर जप्त, इतक्या रुपयांचा मुद्देमाल." त्या व्हॅनमधून शाळेत कोण जातं, हे मी कधी विचारलं नाही. कबूल करतो.

कबुलीचा विषय निघालाच आहे तर पूर्ण करतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ माणसं गेली. त्या आगीचा आणि गाड्यांचा संबंध नव्हता. पण त्या दिवसानंतर मला माझ्याच जुन्या बातम्या आठवायला लागल्या. वीसेक वर्षं आगीच्या बातम्या लिहितोय. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. "आगीचे नेमके कारण समजू शकले नाही. शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे." हा अंदाज पुढे खरा निघाला का, हे विचारायला मी किती वेळा परत गेलो? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. आपण पत्रकार धुरापर्यंत जातो. ठिणगीपर्यंत जात नाही.

आणि रस्त्यावर टँकर उलटला तर? २० डिसेंबर २०२४, जयपूर-अजमेर रस्ता, भांकरोटा. गॅसचा टँकर वळण घेत असताना ट्रकची धडक बसली, नोझल तुटलं. पांढरा ढग रस्त्यावर पसरला आणि त्यात मागच्या-पुढच्या गाड्या सापडल्या. चालू गाड्या. तीसहून अधिक वाहनं जळाली, वीसच्या आसपास माणसं गेली. आपल्याच राज्यात १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाचा टँकर पुलावर उलटून पेटला आणि जळतं रसायन खालच्या रस्त्यावर पडलं. ४ जण गेले. त्याआधी २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरचं तेल गोळा करायला लोक डबे घेऊन, मोटारसायकली घेऊन धावले. दोनशेहून जास्त मेले. आपल्याकडेही टँकर उलटला की पहिले पोचतात ते कॅनवाले. त्यांना शिव्या देणं सोपं आहे. गरिबी आणि अज्ञान दोन्ही धावत असतात. पण त्यांना कुणी तरी सांगायला हवं की तिथं सांडलंय ते तेल आणि तरंगतंय ते मरण.

मी हे लिहिलं की काय उत्तरं येणार, ते मला माहीत आहे.

"इतकी वर्षं काय झालं नाही." जयपूरच्या डेपोतही त्या दिवसापर्यंत काय झालं नव्हतं.

"नियम आहेत की." आहेत. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, २००२ चे नियम आहेत, परवाना देणाऱ्या पेसोचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण नियम सगळ्या देशाला एकच. धोका प्रत्येक जागेचा वेगळा. उताराच्या कडेचा पंप आणि सपाटीवरचा पंप एकसारखा नसतो. शेजारी टपरी असलेला आणि नसलेला एकसारखा नसतो. नियम पाळणं आणि धोका तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका तपासायचा म्हणजे चारच प्रश्न विचारायचे: इथं वाफ कुठं आणि किती वेळ असू शकते? तिथपर्यंत कुठली गाडी पोचू शकते? ती थांबवणारा माणूस कोण? आणि त्याला थांबवायचा अधिकार आहे का? त्या पंपावरच्या पोराला छोटा हत्तीवाल्याला "बंद कर" म्हणायचा अधिकार नव्हता. अधिकार असता तरी गिऱ्हाईक तुटेल म्हणून म्हटला नसता.

"रांग वाढेल, धंद्याची वेळ असते." टँकर खाली व्हायला फार तर तास जातो. तेवढा वेळ दोरी बांधून ती बाजू बंद ठेवली तर धंदा बुडत नाही. मोटारसायकल दहा फूट ढकलून मग किक मारली तर गुडघा झिजत नाही.

म्हणून माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत.

१. पंपाला जागेचा ना हरकत दाखला ग्रामीण भागात जिल्हाधिकारी आणि शहरात पोलीस आयुक्त देतात. त्यांनी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक पंपाला सांगावं, टँकर उतरत असताना त्या भोवतालची जागा दोरीनं बंद, आतलं प्रत्येक इंजिन बंद. आणि पेट्रोल भरल्यावर दुचाकी पुढे ढकलून मगच सुरू. मोबाइलच्या स्टिकरशेजारी हेही स्टिकर लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये.

२. रासायनिक अपघातांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संकट निवारण गट असावा, असे १९९६ चे नियम सांगतात. आपल्या गटाची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात गाड्यांचा विषय निघाला का, हे जाहीर करा.

३. भरलेल्या टँकरसाठी पाकणी परिसरात आणि महामार्गावर ठरलेली थांबण्याची जागा. भट्टीपासून लांब, उजेड आणि पाणी असलेली. चालकालाही झोप लागते, तो माणूस आहे. जागा दिली नाही तर तो ढाब्यावरच थांबणार.

४. टँकर चालकांच्या प्रशिक्षणात बीएस-६ च्या त्या दिव्याचा आणि बेफाम होणाऱ्या इंजिनाचा धडा. आणि अरेस्टर गाडीचा असावा, गेटचा नको.

५. आषाढीच्या आधी दिंड्यांच्या ट्रकसाठी एक साधी सूचना. स्वयंपाकाचा सिलिंडर ट्रकच्या सावलीत नको, आणि शेगडी विझल्याशिवाय ट्रकला स्टार्टर नको. माळशिरसपासून वाखरीपर्यंत मुक्कामाच्या जागी हे दृश्य मी दरवर्षी बघतो. माउलीच्या नावानं चाललेल्या माणसांना आपण एवढंही सांगू शकत नाही?

आणि आपल्यासाठी एक. रस्त्यात टँकर उलटलेला दिसला, वास आला, पांढरा ढग दिसला, तर गाडी चालू असेल तर बंद करा. बंद असेल तर चालू करू नका. व्हिडिओ काढू नका. गाडी तिथंच सोडून वाऱ्याच्या उलट दिशेला चालत निघा आणि लांब गेल्यावर ११२ ला फोन करा. गाडी परत घेता येते.

त्या दिवशी पंपावरून निघताना मी माझी गाडी ढकलत दहा फूट पुढे नेली आणि मग सुरू केली. मागचा एकजण हसून म्हणाला, "काय ओ, बॅटरी उतरली का?"

नाही ओ. बॅटरी नीट आहे, म्हणूनच ढकलतोय.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, कुठं चुकलो ते सांगा. पण "काय होत नाही" एवढंच लिहू नका. ते मी ऐकलंय.